सोलापूरची थंडी आणि जीपची मेणबत्ती

सोलापूर आणि थंडी हे दोन शब्द एके ठिकाणीं आलेले पाहून पुण्यामुंबईकडील वाचकास हंसूं येईल. चैत्र-वैशाखांत ज्या शहरीं पारा चाळीस अंशांच्या वर दिवसच्या दिवस ठाण मांडून बसतो, तेथें थंडीची ती काय मातबरी, असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. तथापि मार्गशीर्ष-पौषांत, सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस जवळ आले म्हणजे, याच मुलखांत पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, व कांहीं दिवशीं त्याच्याहि बराच खालीं जातो. माणसास ही थंडी गोड वाटते. हुरडा खाण्याचे दिवस ते हेच. परंतु मंगळवेढें, सांगोलें, करमाळें, अक्कलकोट या बाजूच्या एखाद्या खेड्यांत या दिवसांत जो मुक्कामास राहिला असेल, त्याच्या कानीं कोंबड्याच्या आरवण्यापाठोपाठ दुसराहि एक आवाज पडला असेल. वेशीजवळ उभी असलेली जुनी डिझेल जीप कण्हते, थांबते, पुन्हां कण्हते. मग पांढऱ्या धुराचा एक लोट उठतो, इंजिन चारदोन क्षण लंगडत चालतें व बंद पडतें. आणि अखेर कोणी तरी 'चला, धक्का मारा' म्हणून आंत बसलेल्यांस खालीं उतरवितो.

या सगळ्या गोंधळाचें मूळ बहुधा बोटाएवढ्या एका पोलादी कांडींत असतें. तिची किंमत जीपच्या मानानें अगदींच क्षुल्लक. आणि इंजिनाच्या माथ्यांत ती अशी दडलेली असते कीं, वर्षानुवर्षें जीप हांकणाऱ्यानेंहि ती डोळ्यांनीं पाहिलेली नसावी. गॅरेजांत तिला 'हीटर प्लग' किंवा नुसतें 'हीटर' म्हणतात. इंग्रज तिला 'ग्लो प्लग', म्हणजे तापून लाल होणारें बूच, म्हणतो. जर्मनाचा शब्द 'ग्ल्यूकेर्त्से' व फ्रेंचाचा 'बूजी द प्रेशोफाज'. आणि मौज अशी कीं, या दोन्ही नांवांत मूळ शब्द मेणबत्तीचा आहे. सोलापूरच्या जीपचें कूळ शोधूं गेल्यास तें फ्रान्सास व जर्मनीस जाऊन भिडतें. म्हणून प्रस्तुत लेखापुरता आम्हींहि मेणबत्तीचाच पक्ष घेतला आहे. आमच्या कोशकारांनीं या वस्तूसाठीं अद्याप संस्कृत शब्द घडविलेला नाहीं, ही त्यांची कृपाच समजावी.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु मग आंत आग लागते कशी, हें सांगणारे थोडे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड गरम होतें, हा अनुभव मुलांसहि असतो. हवा एकदम दाबली कीं ती तापते. मलाया, जावा या बाजूच्या लोकांनीं एवढ्या एका गोष्टीवर अग्नि पाडण्याचें साधन केलें होतें : एका बाजूनें बंद असलेली नळी, तींत घट्ट बसणारा दट्ट्या, आणि दट्ट्याच्या टोंकास चिमूटभर कापूस. दट्ट्यावर तळहाताचा एक जोराचा ठोका मारला कीं कापूस पेटे. रुडॉल्फ डिझेल यानें हाच अग्नि इंजिनांत आणिला, असें स्थूलमानानें म्हणतां येईल.

डिझेलचा जन्म १८५८ सालीं पॅरिसमध्यें, बव्हेरियन आईबापांच्या पोटीं झाला. म्युनिचमध्यें तो लिंडे या शीतकरणयंत्राच्या प्रसिद्ध शोधकाचा शिष्य होता; थंडी उत्पन्न करण्याच्या विद्येंतून उष्णतेचें सर्वांत काटकसरी यंत्र निघावें, हा योग नमूद करण्याजोगा आहे. १८९२ सालीं त्यानें आपल्या कल्पनेच्या स्वामित्वाचा अर्ज केला, आणि आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत चार वर्षें अपयश पचवून १८९७ सालीं सुमारें वीस अश्वशक्तीचें इंजिन चालवून दाखविलें. इंधनांतील उष्णतेपैकीं चतुर्थांशाहून अधिक भाग तें कामास लावीत असे. त्या काळच्या वाफेच्या इंजिनास हें स्वप्नांतहि साधण्यासारखें नव्हतें. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत या जातीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. करडई व भुईमूग पिकविणाऱ्या सोलापूरकरांनीं ही हकीगत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शोधकाचा अंत मात्र विलक्षण झाला. १९१३ च्या सप्टेंबरांत अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या आगबोटीवरून तो रात्रीं नाहींसा झाला. पुढें समुद्रांत त्याचें प्रेत सांपडलें. आत्महत्या कीं अपघात, याचा निकाल कधींच लागला नाहीं.

डिझेलच्या मूळ इंजिनास मेणबत्ती नव्हती. तें घराएवढें उंच, संथ चालीचें आणि एका जागीं पाय रोवून उभें राहणारें यंत्र होतें. इंजिन लहान करून चाकांवर चढवावयाचें ठरल्याबरोबर अडचणी सुरू झाल्या. लहान इंजिन जलद फिरतें. इतक्या अल्प वेळांत तेलाचे तुषार हवेशीं नीट मिसळत नाहींत व इंजिन खडखडतें. यावर प्रॉस्पर लोरांज नांवाच्या इंजिनियरानें बेंझ कारखान्यांत असतांना १९०९ सालीं असा तोडगा काढिला कीं, तेल थेट मुख्य नळकांड्यांत न सोडतां त्याच्या माथ्यावर एक लहानसें दालन करून त्यांत सोडावें. तेथें थोडें जळण होऊन ज्वाळा अरुंद वाटेनें खालीं झेंपावते व उरलेलें तेल सावकाश, बिनबोभाट जळतें. पुढें १९३१ च्या सुमारास हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनियरानें लंडनच्या बसगाड्यांसाठीं असेंच एक दालन योजिलें. त्यांत हवा भोवऱ्यासारखी फिरे. इंजिन यामुळें मवाळ झालें, लहान झालें; जवळजवळ कोणतेंहि तेल पचवूं लागलें. परंतु निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. नळकांडें अधिक दालन, म्हणजे भिंती अधिक. आणि थंड भिंती हवेची उष्णता पिऊन टाकतात.

थोडा हिशेब वाचकांनीं सोसावा. बाहेरची हवा पंधरा अंशांची असतां ती बाविसाव्या हिश्शांत दाबली, आणि उष्णता मुळींच वायां गेली नाहीं असें धरलें, तर ती सातशें अंशांच्या घरांत पोंचते. डिझेल पेटण्यास याच्या निम्म्यानेंहि पुरे. मग अडतें कोठें? अडतें तें पहिल्या अर्ध्या मिनिटांत. बॅटरीच्या बळावर इंजिन हळू फिरतें. दट्ट्याच्या कडेनें हवा निसटते. लोखंडाचा एवढा मोठा गोळा रात्रभर निवालेला असतो, आणि दालनाच्या भिंती हवेस तापूंच देत नाहींत. तेल आंत येतें, ओलें राहतें आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतें. म्हणून दालनांतच एक तापलेलें टोंक आधींपासून ठेवावयाचें, तुषार त्याच्यावर येऊन पेटावयाचे, आणि इंजिन एकदां आपल्या उष्णतेवर चालूं लागलें म्हणजे मेणबत्ती विझवावयाची. बर्लिन येथें १९३६ सालीं मर्सिडीझ-बेंझनें २६० डी ही मोटार मांडली, तेव्हांपासून सामान्य गिऱ्हाइकाच्या डिझेल मोटारीबरोबर ही मेणबत्ती घरोघर गेली. चावी फिरवून 'जरा थांब' असें गाडीनें मालकास सांगण्याचा रिवाजहि तिच्यामुळेंच पडला. घाईच्या मनुष्यास हें थांबणें कधींच रुचलें नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. डिझेलच्याहि आधीं हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाच्या कल्पनेवर हॉर्न्सबी कारखान्यानें तेलाचीं इंजिनें काढिलीं होतीं. त्यांच्या माथ्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे; तो दिव्याच्या ज्वाळेनें लाल होईतों तापवावयाचा व मग चाक फिरवावयाचें. या जातीचीं इंजिनें हिंदुस्थानांतहि आलीं. गिरणीवाला सकाळीं दिवा पेटवून पाव घटका गोळा शेकीत बसे आणि मग 'पुक पुक' सुरू होई. पुढें साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें देशांतच केलीं, आणि १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकी येथें निघाली. आमच्याकडे डिझेल प्रथम विहिरीवर आणि पिठाच्या गिरणींत आलें. रस्त्यावर तें मागाहून आलें. सोलापूर हें कापडाचें शहर असलें, तरी ओतकाम आणि लेथकाम त्यास परकें नव्हतें. १८७७ सालीं जुनी गिरणी उभी राहिल्यापासून यंत्रावर हात बसलेली माणसें तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदलीं; किर्लोस्कर समूहाचा शिवाजी वर्क्स हा कारखाना येथलाच; आणि १९९२ सालीं निघालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कारखान्याचे कॅमशाफ्ट तर परदेशच्या मोटारींतहि बसतात.

हमरस्त्यावर मेणबत्ती आणिली ती टाटांच्या मालमोटारींनीं. टेल्को व डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ सालीं झाला, आणि टाटा-मर्सिडीझ मालमोटारी जमशेदपुराहून निघूं लागल्या. त्यांचें इंजिन दालनाच्या जातीचें होतें. पुणें-सोलापूर-हैदराबाद हा रस्ता त्या वेळीं ९ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जाई. आतां त्याचा क्रमांक ६५ आहे. या रस्त्यावरील ड्रायव्हर व मिस्त्री यांच्या तोंडीं 'हीटर' हा शब्द बसला तो या काळांत. जीपचा मात्र अद्याप डिझेलशीं संबंध आला नव्हता. महायुद्धांत नांवारूपास आलेली विलीस जीप १९४७ च्या अखेरीस सुट्या भागांच्या रूपानें मुंबईस आली. महिंद्र कंपनीनें प्रथम माझगांव येथें ती जोडली व पुढें येथेंच तयार केली. ती पेट्रोलवर चाले. कलेक्टर, मामलेदार, पाटबंधाऱ्याचे इंजिनियर, आणि निवडणुकीच्या दिवसांत पुढारी, यांचें तें वाहन होतें. रयत तिच्याकडे दुरून पाही.

तिला रयतेची केली ती दोन संकटांनीं, आणि तीं दोन्हीं एका वर्षाच्या अंतरानें आलीं. १९७२ सालीं महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ पडला. सोलापूर जिल्ह्याची त्यांत काय दशा झाली, हें सांगणारीं माणसें अद्याप आहेत; खडी फोडण्याच्या कामांवर गांवेंच्या गांवें गेलीं, आणि त्या कामांवरून सरकारी जीपा धूळ उडवीत फिरल्या. दुष्काळ सरतो न सरतो तोंच १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेल आंखडलें व कांहीं महिन्यांत जगांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. पेट्रोलवर जीप चालविणें ही यापुढें चैन ठरली. महिंद्र कंपनीनें प्रथम ट्रॅक्टरच्या घराण्यांतील डिझेल इंजिन जीपमध्यें बसविलें. तें मजबूत होतें, परंतु शेताच्या चालीचें. नंतर १९७९ सालीं तिनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा करार केला.

या नांवाचा अर्थ साधा आहे : नळकांडीं चार, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. चारी मिळून २११२ घन सेंटिमीटर. प्यूजोच्या ५०४ या मोटारींत याच घराण्याचें इंजिन असून, आफ्रिकेच्या वाळवंटांत टॅक्सी म्हणून तिनें मोठें नांव मिळविलें होतें. महिंद्रांनीं तें इगतपुरी येथें तयार करण्यास आरंभ केला. घांटाच्या माथ्यावर, पावसाच्या आणि धुक्याच्या गांवीं हें इंजिन जन्मास आलें व तेथून जेथें पाऊस वाट चुकून येतो अशा माणदेशाच्या व सोलापूरच्या माळावर जाऊन राहिलें. १९८५ सालीं एमएम ५४० ही जीप निघाली, १९९१ सालीं लांब अंगाची कमांडर आली. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची ट्रॅक्स हीहि याच सुमाराची. तिचें इंजिन मर्सिडीझच्या घराण्याचें, २.४ लिटरचें. म्हणजे जर्मन मेणबत्ती आणि फ्रेंच मेणबत्ती सोलापूरच्या स्टँडबाहेर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि दोहोंचेंहि नांव 'हीटर' पडलें.

स्टँडबाहेर असें आम्हीं मुद्दामच म्हटलें. कारण या जीपांचें खरें चरित्र तेथेंच घडलें. एस्.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास गेली, आणि खेड्यांतील मनुष्यास वेळापत्रक ही वस्तु प्रथम ठाऊक झाली. एस्.टी.चे उपकार महाराष्ट्र विसरणार नाहीं. तथापि आडगांवीं दिवसांतून एकदोनदांच येणाऱ्या गाडीवर संसार चालत नाहीं. ती उणीव भरून काढण्यास जो धंदा उभा राहिला त्यास सोलापूर-सातारा-सांगली-कोल्हापूर या भागांत 'वडाप' म्हणतात. जीप भरली कीं सुटणार. वाटेंत हात केला कीं थांबणार. दहांच्या जागीं अठरा बसणार, आणि पोरगा क्लीनर मागें लोंबकळणार. कायद्याच्या दृष्टीनें यांतील पुष्कळसें गैर होतें. टप्प्याटप्प्यानें उतारू घेण्याचा परवाना या जीपांस नसे. अपघातहि कमी झाले नाहींत, आणि अतिरेकी भरणा करणाऱ्या मालकांची बाजू आम्ही घेणार नाहीं. परंतु पहाटेच्या पहिल्या जीपमध्यें कोण बसत असे, हें एकदां पाहिलें म्हणजे नुसती नाकें मुरडणें पुरेसें होत नाहीं. रोजावर जाणाऱ्या बाया, दुधाच्या कॅन घेतलेला गवळी, तालुक्याच्या कॉलेजांत शिकणारी मुलगी, मांडीवर तापलेलें मूल घेऊन सोलापूरच्या सिव्हिल इस्पितळाकडे निघालेलें जोडपें. पहिली जीप चुकली तर बाईचा रोज बुडे, मुलीचा तास बुडे. आणि त्या मुलाचें काय होई, हें सांगतां येत नाहीं. मेणबत्ती बोटाएवढी खरी. परंतु तिच्या जळण्या-विझण्यावर इतकीं माणसें टांगलेलीं होतीं.

आतां या मेणबत्तीचा स्वभाव पाहूं. जुन्या जातींत जाड तारेचें एक उघडें वेटोळें असे, आणि चारी मेणबत्त्या एकामागून एक अशा एकाच प्रवाहांत गुंफलेल्या असत. एकीची तार तुटली कीं चारी विझत. मिनिटभर थांबावें लागे, हा तिचा दोष. पण तिच्यांत एक मोठा गुण होता : ती लपवाछपवी करीत नसे. बिघाड झाला कीं गाडी सरळ उभी राही, आणि मालकास मिस्त्रीकडे जाणें भाग पडे. पुढें पेन्सिलीसारखी बंद जात निघाली. पोलादी नळींत बारीक तारेचें वेटोळें, भोंवतीं वीजरोधक पूड ठांसलेली, आणि प्रत्येकीस बॅटरीकडून स्वतंत्र प्रवाह. ती वीसएक सेकंदांच्या आंत तापते व एक गेली तरी उरलेल्या तीन काम निभावतात. ही सुधारणाच होय. परंतु सोलापूरसारख्या मुलखांत या सुधारणेनें मालकास निष्काळजी केलें. फाल्गुनापासून आश्विनापर्यंत हवा एवढी गरम कीं, दोन मेणबत्त्या मेल्या तरी गाडी जराशी कुरकुरून चालू होते. तिसरीहि त्याच सुमारास जाते. कोणास पत्ता नसतो. मग दिवाळी उलटते, एके पहाटे वारा फिरतो, आणि चांगली चालती गाडी एकाएकीं कां रुसली म्हणून मालक बॅटरीस शिव्या देतो. पुष्कळदां बिचारी नवी बॅटरीच आधीं विकत घेतली जाते.

मिस्त्री येईपर्यंत जे उपाय चालत त्यांचाहि एक लहानसा इतिहासच आहे. सर्वांत साधा म्हणजे रात्रीं जीप उतारावर लावणें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं हें सोपें. सोलापूरच्या सपाटीवर उतार शोधावा लागतो. ओढ्याची दरड, कालव्याचा भराव, देवळापुढील चढण, अशा जागा जीपवाल्यांनीं हेरून ठेविलेल्या असत. दुसरा उपाय उतारूंच्या धक्क्याचा. तिसरा, बोळा तेलांत भिजवून काडीस गुंडाळावयाचा, पेटवावयाचा, आणि इंजिन जेथून हवा ओढतें त्या तोंडाशीं धरावयाचा. गरम हवा आंत जाते व इंजिन चालू होतें. अक्रॉइड स्टुअर्टचा दिवा शंभर वर्षांनीं याप्रमाणें पुन्हां हातांत आला! गाळणीचा कागद पेटून गाडीच जळण्याचें भय यांत असतें, हें बोळेवाल्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पहिली फेरी गांठण्याच्या घाईपुढें तें भय लहान वाटे, इतकेंच.

मेणबत्ती बदलण्याचें काम दिसण्यांत सोपें व करण्यांत नाजूक आहे. बॅटरीची ऋण तार आधीं सोडावी, कारण मेणबत्त्यांकडे जाणारा प्रवाह मोठा असतो. चारी मिळून आरंभीं पन्नासएक अँपियर सहज ओढतात, आणि पान्याचें टोंक चुकून लागलें तर ठिणग्यांची आतषबाजी होते. वरची जोडपट्टी काढली कीं प्रत्येक मेणबत्ती वेगळी तपासतां येते. शहाणा मिस्त्री यासाठीं मापनयंत्राची वाट पाहत नाहीं. तो बॅटरी पुन्हां जोडतो, धन टोंकास एका छोट्या दिव्याची तार लावतो व दिव्याचें दुसरें टोंक मेणबत्तीच्या डोक्यास टेकवितो. दिवा लागला तर आंतील तार शाबूत. न लागला तर तुटली. मापनयंत्र असल्यास चांगल्या मेणबत्तीचा विरोध एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतो. चारीहि शाबूत निघाल्या तर दोष रिलेंत किंवा तारेंत आहे, आणि तो न पाहतां मेणबत्त्या बदलणें म्हणजे विहिरीस पाणी नाहीं म्हणून मोट बदलण्यासारखें आहे.

खरी परीक्षा पुढें असते. वर्षानुवर्षें तापून मेणबत्तीच्या टोंकाभोंवतीं काजळीचा खडा जमतो, आणि आटे गंजून इंजिनाच्या माथ्याशीं एकजीव होतात. घाईनें पान्यावर भार दिला कीं ती मधेंच मोडते. टोंक आंत राहतें, आणि दोनशें रुपयांच्या कामाचें रूपांतर इंजिनाचा माथा उतरविण्याच्या कामांत होतें. म्हणून जुना मिस्त्री आदल्या संध्याकाळींच आट्यांवर पातळ तेल सोडून ठेवतो. दुसऱ्या दिवशीं इंजिन कोमट असतांना पाना लावतो. थोडें सोडतो, थोडें आवळतो, पुन्हां सोडतो. एवढ्या अवकाशांत तो बोलत नाहीं. आटा 'कुरकुरतो' कीं 'रडतो' हें त्याच्या मनगटास कळत असतें, आणि हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें आम्हांस आढळलें नाहीं. मेणबत्ती बाहेर आल्यावर दालनाच्या भोकांतील काजळी साफ केल्यावांचून नवी बसवूं नये. तिचें टोंक काजळीस टेकलें तर उष्णता तेथेंच अडकून ती लवकर जळते. नवी बसवितांना प्रथम हातानें आटे धरावे व शेवटचा पीळ बेतानें द्यावा.

काढलेल्या मेणबत्तीचें टोंक हें वैद्याच्या दृष्टीनें जिभेसारखें आहे. तें नुसतें काळें असल्यास वय झालें म्हणावें. वितळलेलें, खाल्लेलें असल्यास मेणबत्ती निर्दोष असून अपराधी शेजारचा नोझल आहे : तो तुषार न सोडतां तेलाची धार सोडतो, आणि ती धार मेणबत्तीस जाळते. अशा वेळीं नवी मेणबत्ती घालून गाडी परत देणारा मिस्त्री महिन्याभरांत तेंच गिऱ्हाईक पुन्हां पाहतो. टोंक फुगलेलें असल्यास माल खोटा समजावा. ओळखीच्या कंपनीच्या डब्यासारखाच डबा, निम्मी किंमत, आणि आंत अशी कांडी कीं जी तापतां तापतां सुजते व भोकांतून बाहेर येण्याचें नांव घेत नाहीं. हा निम्म्या किंमतीचा माल जिल्ह्याच्या बाजारांतून वडापवाल्यांच्या माथीं पुष्कळ मारला गेला. वडापचा नफा बेताचा, कर्जाचा हप्ता ठरलेला. चार मेणबत्त्यांऐवजीं एकच बदला, असें सांगणारा मालक कंजूष असतोच असें नाहीं. तरीहि आमचें मत असें कीं, चारींचें वय एकच असल्यामुळें चारी एकदम बदलणें हीच खरी काटकसर होय. उरलेल्या तीन थोड्याच दिवसांत एकेक करून त्याच वाटेनें जातात, आणि प्रत्येक खेपेस एक दिवस बुडतो.

हल्लींच्या डिझेल गाड्यांत तें वेगळें दालन राहिलेलें नाहीं. तेल भयंकर दाबानें थेट नळकांड्यांत सोडतात, आणि तें केव्हां व किती सोडावयाचें हें संगणक ठरवितो. मेणबत्ती मात्र तेथूनहि हटलेली नाहीं. आतां ती दोनतीन सेकंदांत लाल होते व इंजिन चालू झाल्यावरहि थोडा वेळ जळत राहते. धूर कमी व्हावा, हें तिचें नवें काम. सरकारी कचेऱ्यांतील पंधरा वर्षांवरील वाहनें १ एप्रिल २०२३ पासून नोंदणींतून काढण्याचा नियम झाला, आणि मामलेदार कचेऱ्यांच्या आवारांत चाकें खचून पडलेल्या जुन्या जीपा त्यामुळें भंगारांत निघाल्या. एक्सडीपी इंजिनाच्या नव्या जीपा आतां निघत नाहींत. खासगी मालकीच्या ज्या उरल्या, त्यांतील कांहीं उसाच्या हंगामांत कारखान्याच्या वाटेवर मजूर व सामान नेतात, कांहीं हौशी तरुणांनीं रंगरंगोटी करून ठेविल्या आहेत. या तरुणांची जीप रविवारीं निघते व दुपारच्या उन्हांत निघते, म्हणून तिच्या मेणबत्त्यांची कोणी विचारपूस करीत नाहीं. मजुरांची जीप पहाटे निघते. तिच्या मालकानें ज्वारीच्या सुगीपूर्वीं चारी मेणबत्त्या काढून पाहिलेल्या असतात, आणि जुन्यांपैकीं जी त्यांतल्या त्यांत बरी, ती चिंधींत गुंडाळून आसनाखालीं ठेविलेली असते.